टिपणीसबाईंची रविवारची ट्रायल

टिपणीसबाईंनी एखाद्या गोष्टीवर पहिल्याच भेटीत विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. दूधवाला, डॉक्टर, नवीन छत्री, होणारा जावई, सगळ्यांनाच त्यांच्या दारात थोडं थांबावं लागलं. जावयाला तर त्यांनी साखरपुड्याआधी पुन्हा पुन्हा जेवायला बोलावलं आणि शेवटच्या खेपेला मुद्दाम कारल्याची भाजी केली. "श्रीखंड खाताना सगळेच चांगले वागतात," असं त्यांचं म्हणणं. जावई कारलं खाऊन पास झाला, आणि पुढे मुलीपेक्षा त्यालाच बाईंचं जास्त कौतुक.

मी त्यांना ओळखायला लागलो ते मोरिवलीजवळच्या एका केमिकल कारखान्यात. बाई तिथे क्वालिटी कंट्रोलच्या लॅबच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली नवा केमिस्ट. उंची बेताची, केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर पांढरा एप्रन आणि पायात रबरी तळव्याच्या चपला. चालताना आवाज यायचा नाही. आपण बाटली धुवून ठेवली की मागून हात यायचा, बाटली उचलायचा, उजेडात धरायचा आणि न बोलता पुन्हा बेसिनमध्ये ठेवायचा. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या ओरडत नसत.

"नमुना पास झाला म्हणजे माल पास झाला असं नसतं, सावंत," हे वाक्य त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. एकदा औषधाच्या कंपनीकडे जाणारा माल तयार होता, ट्रक गेटवर उभा होता. आम्ही घेतलेले नमुने उत्तम आले होते. बाईंनी सही करायच्या आधी स्वतः खाली जाऊन पिंपं उघडायला लावली आणि लांब नळीने तळातला माल वर काढला. तळाला ओल होती. प्रॉडक्शनचे साहेब लाल झाले. तुम्ही आमच्यावर संशय घेता, असं म्हणाले. बाई म्हणाल्या, "संशय नाही. वरचा भाग मी बघितलाय, खालचा बघायचा राहिला होता." ट्रक रिकामा परत गेला. साहेब बरेच दिवस बाईंशी बोलले नाहीत. बाई त्यांच्याशी रोज बोलत होत्या, जसं काही झालंच नाही.

अंबरनाथ पूर्वेला त्यांच्याच इमारतीत मला भाड्याने जागा मिळाली ती त्यांच्यामुळे, आणि मी लग्न करून मनीषाला आणलं तेव्हा शेजार म्हणून पहिला चहा त्यांच्याकडेच झाला. मनीषा घाबरत गेली होती. तिथे तिला टिपणीससर भेटले. सर म्हणजे बाईंचे यजमान, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ आणि मिश्कील. त्यांनी हळूच मनीषाला सांगितलं की काळजी करू नकोस, मीही अजून प्रोबेशनवरच आहे.

बाई निवृत्त झाल्या आणि थोड्याच काळात सरांची फुप्फुसं कुरकुरायला लागली. आधी जिन्यावर दम, मग घरातल्या घरात दम. शेवटी डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवायला सांगितलं. पलंगाशेजारी ठेवायच्या कपाटाएवढं ते यंत्र, विजेवर चालणारं. त्याची नळी सरांच्या नाकाशी. सर म्हणायचे, आता मी पण प्लगवर चालतो.

आमच्याकडे लाइट जाणं ही काही बातमी नाही. शुक्रवारी दुरुस्तीच्या नावाखाली जाते, वारा सुटला की जाते, कधी काहीच न होता जाते. आम्ही लोक पंखा थांबला की कपाळावर हात मारतो आणि गॅलरीत येऊन उभे राहतो. टिपणीसबाईंच्या घरात मात्र लाइट गेली की मशीन एक लांब शिट्टी वाजवायचं, आणि ती शिट्टी जिन्यात ऐकू यायची. इन्व्हर्टर होता, पण ते मशीन जोडलं की तो फार काळ तग धरत नसे. मग ऑक्सिजनचा सिलिंडर. सिलिंडर संपत आला की बाईंचा चेहरा कसा व्हायचा ते मी एकदा बघितलं. त्या काट्याकडे बघत होत्या, आणि सर त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते.

पुढच्या सोमवारी त्या माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, उल्हासनगरला यायला वेळ आहे का, जनरेटर बघायचाय. मी हो म्हटलं. खाली उतरलो तर रिक्षात सरांचं ऑक्सिजनचं मशीन ठेवलेलं. वर घरी मनीषा सरांजवळ सिलिंडर घेऊन बसली होती. मी विचारलं, हे कशाला? बाई म्हणाल्या, "ज्याच्यासाठी घ्यायचंय ते सोबत नको?"

दुकानदार सिंधी होता, पन्नाशीचा, गोरापान आणि बोलघेवडा. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, थंडा मागवला आणि एक मोठा लाल जनरेटर दाखवला. दोरी ओढली, यंत्र धडधडायला लागलं. त्याने बल्ब लावून दाखवला, पंखा लावून दाखवला. "बाईसाब, बिंदास घेऊन जा. गॅरंटी माझी. पूरा घर चालेल."

बाई म्हणाल्या, घर नको, हे चालवून दाखवा. त्याने मशीन जोडलं. मशीन सुरू झालं आणि थोड्याच वेळात शिट्टी वाजवून बंद पडलं. पुन्हा जोडलं, पुन्हा शिट्टी. दुकानदार म्हणाला की मशीन नाजूक आहे, जुनं झालं असेल. बाईंनी त्याच्या भिंतीवरच्या प्लगमध्ये ते लावलं. तिथे ते शांतपणे चाललं. मग त्याने स्वतःच मान्य केलं की या जनरेटरचा करंट खालीवर होतो, पंप आणि बल्बला चालतो, असल्या मशीनला नाही. मागच्या खोलीतून त्याने दुसरा आणला, सुटकेसएवढा, हँडल असलेला. हा आवाज कमी करतो, करंट एकसारखा देतो, फक्त ताकद कमी, असं त्याने सांगितलं.

त्यावर सरांचं मशीन चाललं. मला वाटलं, झालं. बाईंनी पर्समधून विणकाम काढलं आणि त्या खुर्चीत बसल्या. त्यांनी दुकानदाराला सांगितलं की चालू दे. गिऱ्हाइकं आली, गेली. जनरेटर दुकानाच्या पायरीवर गुरगुरत राहिला. मग बाईंनी तो बंद करायला लावला, गार होऊ दिला, आणि पुन्हा सुरू करायला लावला. या वेळी दोरी त्यांनी स्वतः ओढली. पहिल्यांदा नाही जमलं, दुसऱ्यांदा जमलं. तोपर्यंत दुकानदाराचा जेवणाचा डबा आला होता.

"बाईसाब," तो म्हणाला, "तुम्ही माल घ्यायला आलात की माझी परीक्षा घ्यायला?"

"माल आज घेणार," बाई म्हणाल्या. "बिघडला तर तुमच्याकडेच यायचंय. म्हणून तुम्हालाही बघत होते."

तो मोठ्याने हसला आणि त्याने डब्यातली कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, बाईंपुढे केली. बाईंनी अर्धी खाल्ली आणि चांगली झालीय म्हणाल्या. पुढे हा माणूस दिवाळीला त्यांच्याकडे मिठाई घेऊन यायचा आणि आल्या आल्या विचारायचा, मशीन का हाल काय आहे?

घरी आणल्यावर प्रश्न आला तो ठेवायचा कुठे. सेक्रेटरी मोहिते यांचं मत की ज्याचा जनरेटर त्याच्या गॅलरीत. बाईंनी साफ नाही म्हटलं. गॅलरीतला धूर घरात येतो, आणि त्यातला जो वायू दिसत नाही, ज्याला वास येत नाही, तोच माणसाला झोपेत मारतो, असं त्यांनी मोहित्यांना समजावलं. जागा हवी होती ती कंपाउंडच्या मोकळ्या कोपऱ्यात, पत्र्याखाली, सगळ्यांच्या खिडक्यांपासून लांब. मोहित्यांनी आवाजाचा मुद्दा काढला. आज तुम्हाला परवानगी दिली, उद्या प्रत्येक जण एकेक धूड आणून ठेवेल.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी अख्ख्या इमारतीला रविवारी सकाळी घरी बसायला सांगितलं. ज्याला त्रासदायक आवाज येईल त्याने खिडकीतून हात बाहेर काढायचा. ठरल्या वेळी बाईंनी जनरेटर सुरू केला आणि त्या कंपाउंडच्या मधोमध उभ्या राहून वर बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने एकच हात बाहेर आला, मोहित्यांचा. बाई त्यांच्या घरी गेल्या, त्यांच्या हॉलमध्ये बसल्या, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "येतोय आवाज, बरोबर आहे." खाली जाऊन त्यांनी पत्र्याच्या मागे कंपाउंडची भिंत होती तिकडे जनरेटरचं तोंड वळवलं, आणि पुन्हा वर येऊन विचारलं. मोहित्यांचा विरोध तिथेच संपला. आपलं म्हणणं कोणी इतकं मनावर घेतलेलं त्यांनी सोसायटीच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच पाहिलं असावं.

तेव्हापासून दर रविवारी, जेवणाआधी, ट्रायल. वायरमनने मीटरजवळ एक मोठा स्विच बसवून दिला होता, लाइन इकडची की तिकडची ते ठरवणारा. खाली जनरेटर सुरू व्हायचा, वर सरांचं मशीन त्यावर घ्यायचं, आणि भात शिजेपर्यंत ते तसंच चालू द्यायचं. सर म्हणायचे, लोकांकडे रविवारी मटण असतं, आमच्याकडे जनरेटर. मटणाचा वासही यायचाच म्हणा, मोहित्यांकडून. सरांना तो आवडायचा.

सुरुवातीचे काही रविवार गेले आणि बाई एक दिवस आमच्याकडे येऊन मनीषाला म्हणाल्या की यंत्राचं बघून झालं, आता माणसांचं बघू. आम्हाला वाटलं गंमत करताहेत. पण त्यांनी मनीषाला, वॉचमन यादवला आणि खुद्द मोहित्यांना बसवून सगळं शिकवलं. आणि पुढच्या रविवारी त्या मीटरजवळचा स्विच जनरेटरकडे फिरवून आल्या, सरांच्या खोलीत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी आज घरी नाही. मी बदलापूरला गेलेय."

सर म्हणाले, अगं पण तू दिसतेस.

"तुम्ही पण बोलू नका. तुम्हाला धाप लागलीय."

आम्ही खाली धावलो. मोहित्यांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, शर्टाच्या बाह्या वर करून ओढली. काही नाही. यादव म्हणाला, खराब हो गया. वर मशीन शिट्टी वाजवत होतं. सरांना सिलिंडर लावलेला होता, धोका काही नव्हता, पण ती शिट्टी ऐकून मनीषाला राहवेना. ती वर पळत गेली आणि बाईंना म्हणाली, बाई, होत नाहीये, सांगा ना. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मनीषा रडवेली होऊन परत खाली आली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की पेट्रोलचा कॉकच उघडलेला नाही.

जेवायच्या वेळी ती बाईंवर फार चिडली होती. इतकं कठोर असू नये माणसाने, असं मला म्हणाली. संध्याकाळी बाई आल्या, सोबत वाटीत साखरभात. मनीषाला म्हणाल्या, "तुझा राग बरोबर आहे. मला पण ऐकवत नव्हतं, म्हणून डोळे मिटले." मनीषाने वाटी घेतली.

पुढे त्या खरंच बदलापूरला गेल्या. धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तिच्याजवळ दिवसभर थांबायचं होतं. जाताना त्यांनी कोणाला काही सूचना दिल्या नाहीत. त्या गेल्या आणि सकाळीच लाइट गेली. नेहमीसारखी येईल म्हणून सगळे थांबले. मग कळलं की कुठली तरी मोठी केबल जळालीय आणि अर्धं शहर बंद आहे. बाईंचा फोन लागेना. इन्व्हर्टर दुपारआधीच बसला.

मी कारखान्यात होतो. जे झालं ते मनीषाने मला नंतर सांगितलं. शिट्टी वाजल्यावर तिने आधी सरांना सिलिंडर लावला. मग ती खाली गेली. मोहिते आधीच पत्र्याखाली वाकलेले होते. कॉक उघडला, चोक ओढला, दोरी ओढली, सुरू झालं. यादवने स्विच फिरवला. वर मशीन पुन्हा आपल्या लयीत चालायला लागलं. सर म्हणाले, आज तुमची हेडमास्तरीण नाही, जरा चुकीचं करून बघा की.

दुपारी पेट्रोल संपत आलं. बाईंनी भरून ठेवलेलं वापरून झालं होतं. आसपासचे पंप लाइटीमुळे बंद, आणि एक चालू होता तिथे भली मोठी रांग. मोहित्यांनी थोडा विचार केला आणि आपली स्कूटर जनरेटरपाशी आणली. ही स्कूटर म्हणजे मोहित्यांचा जीव. तिला ते मुलांनाही हात लावू देत नसत. तिच्यातलं पेट्रोल त्यांनी नळी लावून बाटलीत काढलं. जनरेटर बंद करून गार होऊ दिला, तोवर सर पुन्हा सिलिंडरवर, आणि मग भरलं. घाई करून गरम इंजिनात पेट्रोल ओतायला यादव निघाला होता, त्याला मोहित्यांनीच अडवलं. त्यांची स्कूटर संपली तशी दुसऱ्या मजल्यावरच्यांनी आपली मोटरसायकल आणली.

संध्याकाळी मी आलो आणि माझ्या मागोमाग बाई. रस्त्यात सिग्नल बंद, गाड्या अडकलेल्या. शेवटचा बराच रस्ता त्या चालत आल्या होत्या. कंपाउंडमध्ये जनरेटर चालू होता आणि त्याच्याभोवती स्कूटर, मोटरसायकली ओळीने उभ्या होत्या. बाईंनी ते सगळं पाहिलं आणि त्या जिना चढून वर गेल्या. सर आणि मोहिते पत्ते खेळत होते. बाईंनी सरांच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा पाहिला. मग पुन्हा एकदा पाहिला. सर म्हणाले, "अगं, मी ठीक आहे. फक्त हा मोहिते पत्ते लपवतो."

त्या बाहेर आल्या आणि आमच्या दारात उभ्या राहिल्या. मनीषाने आत बोलावलं, पाणी दिलं. बाई सोफ्यावर बसल्या, म्हणाल्या, जरा पाठ टेकते. आणि त्या झोपल्या. साडी चुरगळलेली, अंबाडा सैल झालेला, एक चप्पल पायातच. लाइट गेलेली असताना बाईंना झोपलेलं आम्ही कोणीच कधी पाहिलं नव्हतं. मनीषाने ती चप्पल काढली. खाली पेट्रोल भरायची वेळ झाली, मोहिते उतरले, जनरेटर थांबला, परत सुरू झाला. बाईंना जाग आली नाही. लाइट आली तेव्हाही आम्ही त्यांना उठवलं नाही.

सर त्यानंतरच्या थंडीत गेले. दुपारची वेळ होती, लाइट होती, मशीन चालू होतं. बाई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. मला त्यांनी एवढंच सांगितलं की अग्रलेख अर्धा राहिला.

पुढच्या रविवारी जेवणाआधी इमारत शांत होती. त्याच्या पुढच्या रविवारीही. मोहिते वर येऊन हळूच मला विचारून गेले की जनरेटरमध्ये काही बिघाड आहे का, असेल तर मी घेऊन जातो उल्हासनगरला. मग एका रविवारी अचानक खालून ती गुरगुर ऐकू आली. मी बाईंच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. सरांच्या खोलीत मशीन चालू होतं आणि नळी रिकाम्या गादीवर ठेवलेली होती. तिच्या टोकातून हवेचा बारीक आवाज येत होता. बाई खुर्चीत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "लोड नसताना चालवलं तर काही कळत नाही, सावंत."

मी थोडा वेळ बसलो. भात शिजला, कुकर बंद झाला. मग बाईंनी उठून मशीन बंद केलं.

महिन्याभरात त्यांनी दोन्ही यंत्रं देऊन टाकली. बुवापाड्यात रेखा नावाची बाई होती, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला असलेली. तिच्या सासूला ऑक्सिजन लागला होता आणि त्यांच्या गल्लीत लाइटीची तऱ्हा आमच्याहून वाईट. रेखा नको नको म्हणत होती. एवढं मोठं कसं घेऊ, बाई, बिघडलं तर? बाई म्हणाल्या, बिघडू नये म्हणूनच देतेय, ठेवून ठेवून खराब होतं. टेम्पोत त्या जनरेटरशेजारी बसून गेल्या, आणि नंतर कितीतरी वेळा त्या बुवापाड्यात जाताना मला दिसत. विचारलं तर म्हणत, रेखाचं अजून पक्कं झालेलं नाही. त्यांचं स्वतःचं पुण्याला मुलीकडे जायचं ठरलं होतं, सामानही बांधलं होतं, पण त्यांचं जाणं रेखासाठी अडलं होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. शुक्रवार होता, लाइट गेलेली. मी स्कूटरवरून बुवापाड्याच्या तोंडाशी आलो तर गल्लीच्या मोकळ्या टोकाला जनरेटर, त्याच्यापुढे रेखा पदर खोचून वाकलेली, आणि आजूबाजूच्या दारांतून बायका बघताहेत. बाई रेखाच्या मागे, चार पावलं लांब उभ्या होत्या. मी गाडी थांबवली, पण हाक मारली नाही.

रेखाने दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि थांबलं. तिने पुन्हा ओढली. पुन्हा तेच. घरातून मशीनची शिट्टी ऐकू येत होती आणि कुणीतरी म्हणालं, अगं बाईंना दे ना. रेखाने मागे वळून पाहिलं. बाईंचा चेहरा मला तिथून दिसत नव्हता, पाठ दिसत होती. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले होते आणि डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, इतकं घट्ट की बोटं पांढरी पडली होती.

रेखाने काहीतरी आठवल्यासारखं करून खाली हात घातला, पेट्रोलचा कॉक फिरवला आणि पुन्हा दोरी ओढली. जनरेटर सुरू झाला. बायका आपापल्या दारांतून आत गेल्या. बाई मात्र तशाच उभ्या होत्या. मग घरातली शिट्टी थांबली, आणि त्यांनी मनगट सोडलं.